टोयोटाने सव्वादोन लाख गाड्या परत का बोलावल्या? टर्बो इंजिन का बसतं आणि पुन्हा उभं कसं राहतं?

गाडी नवी, कंपनी जगात विश्वासासाठी ओळखली जाणारी, आणि तरीही इंजिनातून ठकठक ऐकू येऊ लागते. थोड्याच वेळात गाडीची ओढ जाते. कधी कधी हे भर हायवेवर घडतं.

अमेरिकेत टोयोटाच्या काही मालकांवर ही वेळ आली. मे २०२४ च्या अखेरीस कंपनीने तिथे टुंड्रा हा पिकअप ट्रक आणि लेक्सस एलएक्स ही एसयूव्ही, अशा मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या. या गाड्या २०२२ आणि २०२३ च्या मॉडेलच्या होत्या. दोन महिन्यांनी कंपनीने उपाय जाहीर केला: दुरुस्ती नाही, थेट इंजिन बदलून देणार, तेही फुकट. नोव्हेंबर २०२५ मध्ये यादीत आणखी सुमारे १ लाख २७ हजार गाड्या आल्या. त्यात २०२४ ची मॉडेलं होती आणि लेक्सस जीएक्सही होती. दोन्ही मिळून आकडा २ लाख २९ हजारांच्या घरात जातो.

यादीतलं प्रत्येक इंजिन बसलं असा याचा अर्थ नाही. पण कोणतं बसेल हे बाहेरून बघून सांगता येत नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

कंपनीने दिलेलं कारण ऐकायला अगदी किरकोळ वाटतं. कारखान्यात इंजिनाचे भाग कापताना, भोकं पाडताना धातूचा बारीक चुरा निघतो. जोडणीच्या आधी तो धुऊन काढायचा असतो. काही इंजिनांमध्ये तो पूर्ण निघाला नसावा.

चिमूटभर चुऱ्याने एवढं काय बिघडतं?

इंजिनाचा क्रँकशाफ्ट बेअरिंगवर फिरतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली फट केसाच्या जाडीपेक्षा कमी असते. गाडीवर जोर आला की एका बाजूचा थर आणखी पातळ होऊन काही मायक्रॉनवर येतो. त्या फटीत धातूचा कण शिरला की तो बेअरिंगच्या मऊ पृष्ठभागात रुतून बसतो. तिथे घासण सुरू होते, उष्णता वाढते आणि थर तुटतो. मग धातूवर धातू घासतो, आणि ठकठक ऐकू येते ती या टप्प्यावर.

ऑइल फिल्टर असताना कण आत गेलाच कसा, असा प्रश्न साहजिक आहे. फिल्टर त्याच्यापर्यंत येणारी घाण अडवतो. फिल्टरच्या पुढच्या वाहिन्यांमध्ये, म्हणजे ब्लॉकमध्ये कोरलेल्या ऑइलच्या वाटांमध्ये आधीपासून काही अडकलेलं असेल, तर ते सरळ बेअरिंगवर जाऊन पोहोचतं.

आता यात बूस्टचा संबंध कुठे येतो ते पाहू. जुन्या टुंड्रामध्ये ५.७ लिटरचं, टर्बो नसलेलं व्ही-८ इंजिन होतं. त्याचा टॉर्क सुमारे ५४४ न्यूटन-मीटर. २०२२ पासून त्याच्या जागी ३.४ लिटरचं, दोन टर्बो लावलेलं व्ही-६ आलं. बहुतेक व्हर्जनमध्ये त्याचा टॉर्क सुमारे ६५० न्यूटन-मीटर आहे. इंजिन लहान झालं आणि ओढ वाढली. लिटरमागे हिशेब केला तर ती जवळपास दुप्पट होते. हा सगळा जोर पिस्टनवरून कनेक्टिंग रॉडवर आणि तिथून बेअरिंगवर येतो. कमी जोराच्या इंजिनाने कदाचित पचवला असता तेवढाच चुरा इथे महागात पडला. टोयोटाच्या स्पष्टीकरणातही जास्त लोडवर सतत चालण्याचा उल्लेख आहे.

याच इंजिनाच्या हायब्रिड गाड्या पहिल्या रिकॉलमध्ये नव्हत्या. पेट्रोल इंजिन बंद पडलं तरी इलेक्ट्रिक मोटरच्या जोरावर गाडी काही अंतर चालू शकते, त्यामुळे रस्त्यावरचा धोका वेगळा धरला गेला. मालकाचं इंजिन मात्र तेच आहे. सुरक्षेचा निकष आणि टिकाऊपणाचा निकष हे दोन वेगळे असतात, हे इथे दिसतं.

बूस्ट म्हणजे नेमकं काय?

साधं इंजिन बाहेरची हवा स्वतःच्या ताकदीने आत ओढतं. टर्बो ती हवा कोंबून आत भरतो. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबतं. हवा जास्त आली की पेट्रोलही जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जाऊ शकतो. पेट्रोल इंजिनात त्याच्यावरून जाणारा वायू ९०० अंश सेल्सिअसच्या वर तापतो. या दांड्यालाही तेच इंजिन ऑइल वंगण देतं, आणि थंड ठेवण्याचं बरंच कामही तेच करतं.

टर्बो ही काही नवी किंवा वाईट गोष्ट नाही. ट्रक आणि डिझेल गाड्यांमध्ये तो कित्येक दशकं बिनबोभाट चालतो आहे. पेट्रोलमध्ये दोन गोष्टी बदलतात. वायू जास्त गरम असतो, आणि पेट्रोल वेळेआधी पेटण्याचा धोका असतो.

हा दुसरा धोका समजून घेण्यासारखा आहे. स्पार्क पडायच्या आधीच सिलिंडरमध्ये एखादा ठिणगीसारखा बिंदू तयार होतो. पिस्टन अजून वर येत असतो आणि स्फोट त्याला खाली ढकलतो. हे मुख्यतः कमी आरपीएम आणि जास्त लोड असताना घडतं. म्हणजे चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये गाडी रांगत असताना गिअर न उतरवता अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तेव्हा. एका फटक्यात पिस्टनवरच्या रिंगांमधली धातूची कड तुटू शकते. सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइलचे थेंब याला कारणीभूत ठरतात, आणि ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटने हे वाढतं, असं संशोधनातून पुढे आलं. म्हणून २०१८ मध्ये ‘एपीआय एसएन प्लस’ आणि २०२० मध्ये ‘एपीआय एसपी’ हे ऑइलचे नवे दर्जे आले. त्यांत या दोषाची चाचणी आहे. डब्यावरची ही दोन अक्षरं टर्बो पेट्रोलच्या मालकाला ब्रँडच्या नावापेक्षा जास्त उपयोगी आहेत.

प्रत्येक वेळी कारण वेगळं

टोयोटाचं कारण चुरा होतं. फोर्डने २०२४ मध्ये अमेरिकेत सुमारे ९० हजार गाड्या परत बोलावल्या, त्यात २.७ आणि ३ लिटरची टर्बो इंजिनं होती. तिथे दोष इनटेक व्हॉल्व्हमध्ये होता. व्हॉल्व्ह घडवताना धातू ठरलेल्या मर्यादेपेक्षा तापला तर तो कडक आणि ठिसूळ होतो आणि चालत्या इंजिनात तुटू शकतो. तुटलेला तुकडा पिस्टनवर पडला की इंजिन संपलं. फोर्डने सरसकट इंजिनं बदलली नाहीत. गाडी ठरावीक वेळा जास्त आरपीएमवर फिरवून चाचणी घ्यायची आणि नापास झाली तर इंजिन बदलायचं, असा मार्ग घेतला.

होंडाच्या दीड लिटर टर्बोची अडचण आणखी वेगळी होती. २०१८ च्या सुमारास चीनच्या थंड भागात आणि उत्तर अमेरिकेत तक्रार आली की ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते आहे. कडाक्याच्या थंडीत, छोट्या छोट्या फेऱ्यांमध्ये इंजिन पुरतं तापत नव्हतं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरत होतं. पातळ झालेलं ऑइल वंगणाचं काम नीट करत नाही. डिपस्टिकवर पातळी वर दिसली म्हणून खूश होण्यात अर्थ नाही, हा त्यातला धडा.

इंजिन बसल्यावर गॅरेजमध्ये काय होतं?

खरा पैसा इथे जातो, आणि बहुतेक चुकाही इथेच होतात.

नेहमीचा प्रसंग असा. गाडी धूर सोडते, शिट्टीसारखा आवाज येतो, ओढ जाते. टर्बो गेला, असं निदान होतं. नवा टर्बो बसतो, काही हजार किलोमीटरनंतर तोही जातो, आणि दोष पार्टवर ढकलला जातो. पहिला टर्बो कशामुळे मेला हे कोणी पाहिलेलंच नसतं. त्याला ऑइल पोहोचवणारी बारीक नळी आतून जळक्या ऑइलच्या कार्बनने बुजलेली असते, आणि नव्या टर्बोलाही तीच नळी जोडलेली असते.

इंजिन खोलण्याच्या कामात पहिली गोष्ट नेमकी हीच असते. तुटलेला भाग हाती आला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. बेअरिंग घासलं असेल तर चुऱ्याने, की ऑइल कमी पडल्याने, की पातळ झालेल्या ऑइलने? बेअरिंगच्या तुकड्यावरच्या खुणा हे सांगतात. लांब चरे असतील तर कण गेले आहेत. पृष्ठभाग पुसल्यासारखा, निळसर झाला असेल तर ऑइलचा थर तुटला आहे. चांगला मिस्त्री जुनी बेअरिंग भंगारात टाकण्याआधी क्रमाने मांडून ठेवतो. मालकाने ती बघायला मागितली तर त्याला राग यायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट सफाई. बेअरिंग झिजलं म्हणजे त्याचा धातू ऑइलबरोबर सगळीकडे फिरलेला असतो: पंपात, व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेत, टर्बोत आणि ऑइल कूलरमध्ये. कूलरच्या आत इतक्या बारीक खोबणी असतात की तो धुऊन पूर्ण साफ झाला याची खात्री कोणी देऊ शकत नाही. तो बदलावाच लागतो. बिल कमी करण्यासाठी नेमका हाच पार्ट वाचवला जातो, आणि नवी बेअरिंग जुन्या चुऱ्याच्या तोंडी दिली जातात. टर्बोची चक्रं तुटली असतील तर इंटरकूलर आणि त्याचे पाइपही उतरवून तपासावे लागतात. तिथे साचलेलं ऑइल आणि धातूचे तुकडे पहिल्याच जोरात इंजिन गिळतं. टोयोटाने गाडीतच इंजिन खोलून धुण्यापेक्षा कारखान्यातून आलेलं इंजिन बसवणं पसंत केलं, त्यामागचं तर्कशास्त्र यावरून समजतं. हजारो वर्कशॉपमध्ये सफाईची एकसारखी हमी देता येत नाही.

तिसरी गोष्ट मापं. पिस्टन रिंग गोलाकार असते, पण तिच्या दोन टोकांत थोडी फट ठेवलेली असते. तापल्यावर रिंग लांबते आणि फट मिटत जाते. बूस्ट असलेल्या इंजिनात रिंग जास्त तापते, म्हणून फट थोडी जास्त ठेवावी लागते. साध्या इंजिनाच्या हिशेबाने रिंग बसवली तर घाटात पूर्ण जोर आला की टोकं एकमेकांना भिडतात. रिंगला पसरायला जागा उरत नाही, ती भिंत ओरबाडते किंवा पिस्टनची कड तोडते. फरक असतो मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागाचा. हाताच्या अंदाजावर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसालाही इथे फीलर गेज आणि कंपनीचं मॅन्युअल लागतं.

हेडच्या बोल्टांचंही तसंच. आजच्या बहुतेक इंजिनांत ते एकदा ताणून बसवले की पुन्हा वापरायचे नसतात. जुने बोल्ट घट्ट बसल्यासारखे वाटतात, पण सिलिंडरमधला दाब वाढला की हेड किंचित उचललं जातं आणि गॅस्केट जातं. इंजिन गरम होऊन बसलं असेल तर हेड वाकलं आहे का, हे सपाट पट्टी लावून पाहावं लागतं. ते लेथवाल्याकडे पाठवलंच नसेल तर बिलात त्याची नोंद नसेल. बिल वाचण्याचा हा एक सोपा उपयोग.

आणि शेवटचा टप्पा, ज्याची घाई सगळ्यांनाच असते: पहिला स्टार्ट. कोरड्या बेअरिंगवर इंजिन चालू झालं तर त्या काही सेकंदांत महिन्याभराची मेहनत जाते. आधी स्पार्क आणि इंधन बंद ठेवून ऑइलचा दाब तयार करायचा, टर्बोच्या नळीत ऑइल भरायचं, मग इंजिन सुरू करायचं. त्यानंतर काही तास उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवण्याची जुनी पद्धत रिंगांच्या उपयोगाची नाही. रिंग भिंतीशी जुळायला मध्यम लोड लागतो. पहिलं ऑइल मात्र लवकर काढायचं आणि फिल्टर कापून बघायचा. थोडीशी चमक अपेक्षित असते. डोळ्याला दिसतील असे तुकडे असतील तर इंजिन पुन्हा उघडायचं, कितीही जिवावर आलं तरी.

भारतात हा प्रश्न आता का?

टुंड्रा भारतात विकली जात नाही, आणि लेक्सस एलएक्स इथे डिझेल इंजिनात येते. त्यामुळे हा रिकॉल इथल्या मालकांचा नाही. पण छोटं इंजिन आणि वर टर्बो हा मार्ग भारतीय बाजाराने केव्हाच धरला आहे, आणि त्यात करांचा मोठा हात आहे. ४ मीटरपेक्षा कमी लांबी आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतचं इंजिन, ही छोट्या गाडीची व्याख्या २००६ च्या अर्थसंकल्पापासून चालत आली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि मोठ्यांवर ४० टक्के. इंजिन लहान ठेवायचं आणि ग्राहकाला ताकदही द्यायची, तर टर्बोशिवाय फारसा पर्याय उरत नाही. नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, मॅग्नाइट, फ्राँक्स या सगळ्यांत म्हणूनच एक लिटर किंवा १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल मिळतं.

यातल्या २०१९-२० च्या सुमारास घेतलेल्या पहिल्या खेपेच्या गाड्या आता वॉरंटीबाहेर गेल्या आहेत किंवा जाण्याच्या बेतात आहेत. त्या सेकंड हँड बाजारात येत आहेत. साध्या मारुतीची सवय असलेला कोपऱ्यावरचा मिस्त्री आणि स्वस्तातलं ऑइल, या जोडीची खरी परीक्षा आता आहे.

मॅन्युअलमध्ये १० हजार किंवा १५ हजार किलोमीटरला ऑइल बदला असं लिहिलेलं असतं. पण धूळ, ट्रॅफिक, छोट्या फेऱ्या अशा परिस्थितीत ते लवकर बदला, अशी ओळही बहुतेक मॅन्युअलमध्ये असते. पुण्यात हिंजवडीला किंवा मुंबईत अंधेरीला रोज जाणाऱ्याने ती ओळ आपल्यासाठीच लिहिली आहे असं समजायला हरकत नाही. खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्यात वडापावला थांबताना गाडी लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवली, तर टर्बोतलं ऑइल जागेवर जळत नाही. आताच्या बऱ्याच टर्बोंना पाण्याने थंड करण्याची सोय असते, तरी ही सवय फुकट आहे.

सोशल मीडियावर सध्या प्रत्येक बसलेल्या इंजिनाचा दोष ई२० पेट्रोलवर येतो. इथे थोडं वेगळं करून पाहायला हवं. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा पेट्रोलपेक्षा जास्त असतो, त्यामुळे इंधन वेळेआधी पेटण्याचा धोका त्याने उलट कमी होतो. त्यातली ऊर्जा मात्र कमी असते, म्हणून मायलेज घटतं. जुन्या गाड्यांमधल्या रबर आणि धातूच्या भागांवर काय परिणाम होतो हा वेगळा, खरा प्रश्न आहे. घासलेल्या बेअरिंगचं उत्तर त्यात सापडणार नाही.

रिमॅपचं तसं नाही. सॉफ्टवेअर बदलून बूस्ट वाढवला की लॅपटॉपवर काही मिनिटांत ताकद वाढते. रिंग, रॉड, बेअरिंग आणि कूलर मात्र तेच राहतात. कंपनीने ठेवलेली राखीव जागा वापरली जाते, आणि बऱ्याच गाड्यांमध्ये कंट्रोल युनिट तपासल्यावर बदल केल्याचं कळतं. मग वॉरंटीचा दावा अडतो.

पैसे कोण देणार?

गाडीचा नेहमीचा विमा यांत्रिक बिघाडाला लागू होत नाही. ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं जोड-संरक्षण पाणी शिरणं किंवा ऑइल गळून झालेलं नुकसान यासाठी असतं, झीज किंवा देखभालीतली हयगय त्यात बसत नाही. उत्पादनातला दोष असेल तर कंपनी जबाबदार. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार दिला आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाड्या त्यात येतात, आणि दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो.

फरक माहितीत आहे. टोयोटाचा चुरा बेअरिंगवर जाऊन बसला हे आज कोणालाही वाचता येतं, कारण अमेरिकेत कंपनीला दोषाचा तपशीलवार अहवाल सुरक्षा यंत्रणेकडे द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक असतो. भारतात वाहन उत्पादकांची संघटना ‘सियाम’ स्वेच्छेने झालेल्या रिकॉलची यादी ठेवते, त्यात मॉडेल आणि गाड्यांची संख्या कळते. पण मालकाला अनेकदा फक्त सर्व्हिस सेंटरचा फोन येतो: एक छोटं अपडेट आहे, गाडी घेऊन या. कोणता पार्ट, का बदलला, हे जॉबकार्डवर लिहून मागितलं नाही तर ते तिथेच राहतं. आणि पाच वर्षांनी ती गाडी विकत घेणाऱ्याकडे इंजिनाचा इतिहास म्हणून फक्त ओडोमीटरचा आकडा येतो.